पहिली टाकून द्यायची

"आजोबा, केकवरच्या मेणबत्त्या नाही विझवायच्या. फुंका! फुंका, फुंका, फुंका, अजून, अजून, सोडू नका... सोडलंत."

धाकट्याला एकाच वेळी दोन गोष्टी लागल्या. पहिली म्हणजे 'आजोबा'. निवृत्तीला अजून अवकाश होता, डोक्यावर जिथे केस होते तिथे ते काळे होते, आणि नातवंडाचा कुठे पत्ता नव्हता. दुसरी गोष्ट जास्त झोंबणारी होती. तो खरोखरच जीव तोडून फुंकत होता.

नाकाला चिमटा, तोंडात पुठ्ठ्याची नळी, समोर पडदा. छातीत मावेल तेवढी हवा भरून घ्यायची आणि एका दमात, अगदी तळ गाठेपर्यंत बाहेर फेकायची, की पडद्यावर रेघ उमटते. धडधाकट माणसाची रेघ म्हणे कड्यासारखी उभी चढते. धाकट्याची रेघ दुपारी जेवून झोपलेल्या माणसाच्या पोटासारखी दिसत होती. यंत्रावरच्या बाईंना अख्खा दवाखाना फुंकणीबाई म्हणायचा, आणि त्यांनाही त्या नावाचा अभिमान असावा. त्यांनी ती रेघ मान वाकडी करून पाहिली आणि म्हणाल्या, "फुप्फुसात दोष नाही वाटत. तुम्ही सोडतच नाही आहात. सवय नाही का कधी?"

सवय कुठून असणार? धाकट्यानं आयुष्यात कधी आवाज चढवला नव्हता. तो विमा कंपनीत दाव्यांच्या विभागाचा प्रमुख होता, तरी शिपायाला पाणी मागतानाही तो "जमलं तर" असं म्हणायचा. त्याच्या घरात हवेचा सगळा कारभार लहानपणापासून ताईकडे होता. ताई त्याच्याहून बरीच मोठी. शाळेत खेळाची शिक्षिका. गळ्यात शिट्टी. तिनं शिट्टी फुंकली की मैदानावरची मुलं तर जागच्या जागी थांबायचीच, रस्त्यावरचे सायकलवालेसुद्धा पाय टेकायचे. तिच्यामुळेच तो घरात धाकटा, शेजारी धाकटा आणि कचेरीत धाकटे साहेब झाला होता.

आणि आता ताईच्याच किडन्या बसल्या होत्या.

डॉक्टरांनी धाकट्याला समजावून सांगितलं होतं. अंगातलं सगळं रक्त पुन्हा पुन्हा किडन्यांमधून जातं. त्या आधी जवळपास सगळंच गाळून खाली टाकतात, पाणी, मीठ, साखर, घाण, आणि मग शहाण्या गृहिणीसारखं कामाचं तेवढं वेचून परत आत घेतात. उरलेली घाण बाहेर. हे काम थांबलं की घाण रक्तात राहते, आणि पाणी जायला वाट नसली की ते वर फुप्फुसात चढतं. म्हणून ताईला आडवं झोपता येत नव्हतं. ती रात्रभर उशांना टेकून बसायची. आठवड्यातून तीनदा यंत्राला जोडून तिचं रक्त धुऊन आणावं लागे. हॉस्पिटल धाकट्याच्या घराजवळ, म्हणून ताई आणि भावोजी मुक्कामालाच आले होते. शिट्टी अजून गळ्यात होती, पण जिना चढून आली की तिच्यात हं म्हणण्याएवढाही श्वास उरायचा नाही.

आपली एक किडनी ताईला द्यायची, हे धाकट्यानं ठरवलं तेव्हा सगळ्यात आधी ताईनंच ते मोडीत काढलं. "काही नको. तुझं तुला पुरत नाही, मला काय देतोस!" पण धाकट्यानं तपासण्यांसाठी नाव नोंदवलं. रक्तगट जुळला, बाकीचंही जुळलं. मग कळलं की किडनी द्यायची असली तरी फुप्फुसंही तपासतात. भूल देतात तेव्हा श्वासाचं काम यंत्र करतं, आणि उठल्यावर ते ज्याचं त्याला परत घ्यावं लागतं, त्यासाठी. धाकट्याला हे म्हणजे मुलगी एकीकडे पाहायची आणि चौकशी शेजारच्या घरी करायची असंच वाटलं होतं. आता त्या शेजाऱ्यापाशीच घोडं अडलं.

"सराव करा," फुंकणीबाई म्हणाल्या. "दोन आठवड्यांनी परत या."

सराव ही गोष्ट गुपचूप करता येते असं ज्यांना वाटतं, त्यांनी सोसायटीत राहून पाहावं. धाकटा गॅलरीत फुगा फुगवताना दिसला आणि वरच्या मजल्यावरचे साहेब चहाचा कप हातात घेऊनच खाली उतरले. साहेब पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाले होते, त्यामुळे शरीरातलं काहीही बिघडलं की ते त्यांच्याच खात्यात येतं असा त्यांचा समज होता.

"फुग्यानं काय होतंय! तुमचा दाब कमी आहे, दाब. टाकी वर आणि नळ खाली पाहिजे. खाली डोकं वर पाय करून फुंका."

"साहेब, फुप्फुसांचं असं..."

"मी तीस वर्षं दाब बघितलाय!"

धाकट्यानं खाली डोकं वर पाय केलं नाही. पण साहेबांचा मान राखायचा म्हणून पलंगाच्या कडेवरून डोकं खाली सोडून एकदा फुंकून पाहिलं. त्यात मान अवघडली, आणि पुढे चार दिवस तो कचेरीत सगळ्यांशी तिरप्या तोंडानं बोलला. दाव्यांसाठी आलेल्या लोकांना वाटलं, धाकट्या साहेबांना आपला संशय येतोय.

अशात तो कॅन घरी आला.

कॅन म्हणजे मोठा पांढरा प्लॅस्टिकचा डबा, वर घट्ट झाकण आणि अंगावर मापाच्या रेघा. किडन्या दिवसभरात नेमकं किती गाळतात हे पाहायचं तर एका अख्ख्या दिवसाची लघवी साठवावी लागते. प्रयोगशाळेतल्या मुलीनं पाठ केल्यासारखं सांगितलं होतं, "सकाळी उठल्यावर पहिली टाकून द्यायची. ती आदल्या रात्रीची असते. त्यानंतरची प्रत्येक यात. दुसऱ्या दिवशी उठल्यावरची पहिली मात्र यात घ्यायची. एकदा जरी चुकलात तरी परत सगळं पहिल्यापासून. आणि कॅन थंड ठेवायचा."

"थंड म्हणजे कुठे?" बायकोनं विचारलं.

धाकट्यानं फ्रिजकडे नुसतं पाहिलं.

"अहो, त्या फ्रिजमध्ये मी दूध ठेवते!"

"झाकण घट्ट आहे."

"तुमचं झाकण राहू दे. एक तर तो कॅन राहील तिथे, नाहीतर मी राहीन."

शेवटी बाथरूममध्ये बादली ठेवायची आणि बादलीत बर्फ, असा तोडगा निघाला. पण घरातला सगळा बर्फ ताईचा होता. ताईला पाणी मोजून मिळायचं. भावोजी ते औषधाच्या छोट्या पेल्यानं मोजून द्यायचे. तहान फारच छळायला लागली की ती बर्फाचा एक खडा जिभेवर धरून बसायची. फ्रिजमधल्या त्या ट्रेला घरात कुणी हात लावत नसे.

शनिवारी रात्री ताईनं तो ट्रे स्वतः आणून धाकट्यासमोर ठेवला. "घे. घाल तुझ्या त्या कॅनला."

"आणि तू?"

"मला नको तुझी किडनी, म्हणून काय तुझी परीक्षाही बिघडवू? घे म्हणते ना!"

भावोजींबद्दल इथे थोडं सांगायला हवं, कारण ते स्वतःबद्दल काही सांगत नाहीत. मोजून मापून बोलणारा, सगळ्यांच्या चपला सरळ करून ठेवणारा माणूस. ताईला किडनी द्यायला सगळ्यात आधी तेच गेले होते. पण त्यांना बरीच वर्षं साखरेचा आजार. डॉक्टरांनी दारातूनच परत पाठवलं होतं, "काका, तुमच्या तुम्हाला पुरल्या तरी खूप." तेव्हापासून ते घरात काही ना काही काम शोधत फिरायचे. स्वतःला पाणी प्यायचं असलं की स्वयंपाकघरात जाऊन, भिंतीकडे तोंड करून, आवाज न करता प्यायचे. ताईला दिसू नये म्हणून. अर्थात ताईला ते माहीत होतं, आणि ताईला माहीत आहे हे त्यांना माहीत नव्हतं.

रविवार उजाडला. पहिली टाकून दिली. इथपर्यंत सगळं विनातक्रार पार पडलं. त्यानंतर मात्र धाकट्याच्या लक्षात आलं की अख्खं घर आपल्याकडे पाहतंय.

"झाली का?" बायकोनं विचारलं.

"इतक्यात कशी होईल?"

अर्ध्या तासानं ताई म्हणाली, "जाऊन तर बघ."

तो गेला. बाहेर तीन माणसं श्वास रोखून उभी आहेत हे ठाऊक असताना भल्याभल्यांचं धैर्य खचतं. हा तर धाकटा. बराच वेळ नळाकडे पाहत उभा राहून तो बाहेर आला. तिघांनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि सुस्कारा टाकला. एवढ्यात वरचे साहेब आले. त्यांचं मत पडलं की कॅन काठोकाठ दिसला नाही तर डॉक्टर नापास करतात. "आवक वाढवा! आवक नाही तर जावक कुठून?" धाकट्यानं एकामागून एक पाणी ढोसलं, ताईला दिसू नये म्हणून भिंतीकडे तोंड करून. घोट घेताना बाजूला पाहतो तर भावोजीही तिथेच, त्याच भिंतीकडे तोंड करून. दोघांनी एकमेकांना न पाहिल्यासारखं केलं.

दुपारपर्यंत कॅनच्या तळाशी थोडंसं साचलं होतं. धाकट्यानं प्रत्येक वेळी झाकण उघडून मापाची रेघ पाहिली आणि खिन्न झाला. मग जेवून त्याची डुलकी लागली. उठून पुन्हा बाथरूममध्ये गेला आणि आपला वाटा घालून रेघ पाहिली, तर पातळी चांगलीच वर सरकलेली. संध्याकाळनंतर तर कॅनला भरतीच आली. धाकट्याच्या चालण्यात फरक पडला. आपण स्वतःला फारच कमी लेखत आलो, असं त्याला प्रथमच वाटलं. सोमवारी तो जड कॅन दोन्ही हातांनी छातीशी धरून प्रयोगशाळेत घेऊन जाताना जिन्यात साहेब भेटले. साहेबांनी कॅन निरखला आणि समाधानानं मान डोलावली. "दाब आला!"

अहवाल आला तेव्हा डॉक्टर बराच वेळ तो उलटासुलटा करत बसले.

"तुमच्या किडन्या," ते म्हणाले, "फार उत्तम काम करताहेत. इतकं उत्तम मी पाहिलेलं नाही." धाकट्यानं नम्रपणे खाली पाहिलं. "जरा जास्तच उत्तम आहे. पण हे बघा, लघवीत साखर सापडलीये. भरपूर."

"पण मी तर..."

"रक्तात नाही. रक्तातली साखर व्यवस्थित आहे. निरोगी किडनी गाळलेली साखर सगळीच्या सगळी परत आत घेते, बाहेर जाऊ देत नाही. रक्तात साखर बेसुमार झाली तरच ती सांडते. तुमची रक्तात नसताना सांडतेय, म्हणजे किडनीतच काहीतरी उपजत दोष असणार. अशी किडनी मी तुमच्या बहिणीला नाही लावू शकत."

परतीच्या वाटेवर धाकट्याला रस्ता दिसत नव्हता. आयुष्यभर ताईनं त्याचं नाक पुसलं, त्याच्या वर्गात जाऊन मारकुट्या मुलांचे कान धरले. आणि तिला देण्यासारखी एकच वस्तू त्याच्याजवळ होती, ती गळकी निघाली.

घरी त्यानं सांगितलं. बायको आधी रडली, मग तिला त्यानं चहात बुडवलेली बिस्किटं आठवली, आणि तिनं सगळा दोष त्या बिस्किटांच्या माथी मारला. ताई म्हणाली, "बरंच झालं. मला नकोच होती." पण तिचा हात गळ्यातल्या शिट्टीकडे गेला आणि तिथेच राहिला.

भावोजी एकदम म्हणाले, "परत करायला सांगा तपासणी."

"भावोजी, डॉक्टर म्हणाले..."

"कॅनमध्ये काहीतरी मिसळलं असेल. चुकून. एखाद्या वेळी होतं. परत करा ना, माझं ऐका!"

भावोजींनी सलग इतकी वाक्यं बोलण्याचा प्रसंग त्या घरात यापूर्वी आला नव्हता. ताईनं हळूच मान वळवली. कोणत्या मुलानं चेंडू लपवलाय हे अख्ख्या रांगेकडे एकदा पाहून ओळखणारी बाई ती.

"इकडे बघा," ती म्हणाली. "माझ्याकडे. रविवारी तुम्ही बाथरूममध्ये काय करत होतात?"

भावोजींनी जमिनीकडे पाहिलं.

"कॅन रिकामाच दिसत होता," ते पुटपुटले. "हा इतका हिरमुसला होता. साहेब म्हणाले, नापास करतात. मला वाटलं... माझी किडनी तर घेतली नाही त्यांनी. म्हटलं, निदान एवढा तरी हातभार..."

"किती वेळा?"

"जितक्या वेळा आली तितक्या वेळा."

एक चमत्कारिक आवाज आला. ताई हसत होती. कितीतरी महिन्यांत हसली नव्हती, आणि आता हसायला श्वास पुरत नव्हता, म्हणून ती हसता हसता थांबून धापा टाकायची आणि परत हसायची. बायको तिची पाठ चोळत स्वतःच हसत होती. भावोजी मात्र बिचारे खाली मान घालून उभे होते.

"अहो," ताई डोळे पुसत म्हणाली, "अख्ख्या संसारात मला न विचारता एक गोष्ट केलीत, आणि ती ही!"

हे डॉक्टरांना सांगायचं कुणी, हा खरा प्रश्न होता. धाकटा गेला. कचेरीत अवघड दावे ज्या गंभीर भाषेत लिहितो त्याच भाषेत त्यानं सुरुवात केली, "सदर कॅनमध्ये एका जवळच्या नातेवाइकानं सद्भावनेनं काही भर घातल्याचं निदर्शनास आलं आहे." डॉक्टरांनी चष्मा काढला, उठून खिडकीशी गेले आणि बराच वेळ बाहेर पाहत राहिले. त्यांचे खांदे हलत होते. मग पाठमोरेच म्हणाले, "नवीन कॅन घेऊन जा. आणि या वेळी दारावर पहारेकरी ठेवा."

पहारेकरी म्हणून भावोजींचीच नेमणूक झाली. बाथरूमच्या दाराशी खुर्ची टाकून ते दिवसभर बसले आणि स्वतःसाठी वर साहेबांकडे जात राहिले. साहेबांनी कधी नव्हे ते काही सल्ला दिला नाही. या वेळचा कॅन अर्धाही भरला नाही, पण जे होतं ते निखळ धाकट्याचं होतं. त्यात साखरेचा कणही नव्हता.

फुंकण्याच्या फेरपरीक्षेला ताई हट्टानं सोबत आली. पहिल्या फुंकेला रेघ पुन्हा पोटासारखीच आली. "आजोबा..." असं फुंकणीबाई म्हणायला लागल्या, तोच ताईनं त्यांना हातानं थांबवलं आणि शिट्टी ओठांशी नेली. शिट्टीतून निघाला तो मांजराच्या पिल्लाएवढा आवाज. एके काळी सायकली थांबवणाऱ्या त्या शिट्टीचा तो आवाज ऐकून धाकट्याच्या छातीत काहीतरी तटकन तुटलं. साहेबांचा दाब, कचेरीतलं 'जमलं तर', 'आजोबा', सगळं एकदम बाहेर पडलं. पडद्यावरची रेघ कड्यासारखी उभी राहिली. फुंकणीबाई 'फुंका' म्हणायचं विसरून पाहत राहिल्या. धाकटा घेरी येऊन खुर्चीत कोसळला, पण कोसळताना त्याचा चेहरा प्रसन्न होता.

उरली मंजुरी समिती. एका लांब टेबलापलीकडे बसलेली गंभीर माणसं. आधी त्यांना दोघं सख्खी भावंडं असल्याचा पुरावा हवा होता. लहानपणचा एकत्र फोटो एकच सापडला, आणि त्यात ताईनं धाकट्याचा कान पिरगाळलेला. तो फोटो सगळ्यांच्या हातांतून फिरला आणि कुणाला शंका उरली नाही. मग ताईला बाहेर पाठवून अध्यक्षांनी हलक्या आवाजात विचारलं, "मोकळेपणी सांगा. बहिणीचा तुमच्यावर काही दबाव आहे का?"

"जन्मापासून," धाकटा म्हणाला.

टेबलावरची पेनं थांबली. अध्यक्ष पुढे झुकले.

"पण या बाबतीत नाही," धाकटा म्हणाला, आणि आपला आवाज खोलीभर ऐकू जातोय याचं त्याला स्वतःलाच नवल वाटलं. "या बाबतीत ती पहिल्या दिवसापासून नको म्हणतेय. आयुष्यात ही एकच गोष्ट अशी आहे जी मी तिचं न ऐकता करतोय. तेवढी मला करू द्या."

बाहेर ताईनं विचारलं, "काय विचारलं रे?" धाकटा म्हणाला, "असंच. नाव, गाव."

ऑपरेशननंतर धाकट्याला जाग आली ती कुशीतल्या कळेनं. दुसरी जाणीव फुंकणीबाईंच्या आवाजाची. "आजोबा, उठा. खोल श्वास घ्या. हं, अजून. खोका. दुखलं तरी खोका." त्यांच्या मागे टोपी, मुखपट्टी आणि उलटा घातलेला हिरवा झगा अशा वेषात कुणीतरी उभं होतं. नुसते डोळे दिसत होते, तेही भरलेले.

"भावोजी?" धाकट्याला धड बोलता येईना. "ताई?"

"सुरू झाली," भावोजी म्हणाले. "टेबलावरच सुरू झाली. डॉक्टर म्हणाले, जोडल्या जोडल्या गुलाबी झाली आणि लगेच... पिशवीत येतेय. मी बघितली स्वतः." त्यांनी मुखपट्टीवरूनच नाक पुसलं. "मी नर्सबाईंना विचारलं, पहिली टाकून द्यायची ना? त्या माझ्यावर ओरडल्याच. म्हणाल्या, काका, पहिल्या थेंबाची तर आम्ही सगळे वाट बघत उभे असतो!"

धाकट्याला हसू आलं, आणि हसल्याबरोबर टाके ओढले गेले. फुंकणीबाई खूश झाल्या. म्हणाल्या, "छान. खोकल्यापेक्षा हे बरं. चालू ठेवा."

काही दिवसांनी त्याला चाकांच्या खुर्चीतून ताईच्या खोलीत नेलं. ताई उशांना टेकून बसली नव्हती. आडवी झोपली होती, सपाट, एका साध्या उशीवर. त्याला पाहून ती उठून बसली. टेबलावर पाण्याचे तीन पेले होते, मोठे, काठोकाठ भरलेले. औषधाचा छोटा पेला कुठे दिसत नव्हता.

"डॉक्टर म्हणालेत, भरपूर पाणी प्यायचं," ताई म्हणाली. "मी पण, तू पण."

तिनं पेला उचलला आणि एका दमात संपवला, मध्ये न थांबता. मग डोळे मिटून क्षणभर तशीच बसली. भावोजींनीही पेला उचलला आणि सवयीनं भिंतीकडे वळले. त्यांचं पाहून धाकट्यानंही खुर्चीचं चाक त्याच बाजूला फिरवायला घेतलं.

खोलीत शिट्टी वाजली. कर्कश, लांब, कान फाडणारी. बाहेर व्हरांड्यात कुणाच्या तरी हातातला ट्रे खाली पडला.

"तोंडं इकडे," ताई म्हणाली. "दोघांचीही. आता प्या."